रेशीमघरातल्या पांढऱ्या गाठी

लमदुआनताईने मारलेली गाठ सुटत नाही. रेशमाच्या लडीवर ती अशी बांधणी करायची की आत रंगाचा थेंब जायची बिशाद नव्हती. चाळीस वर्षं बाईने हेच केलं. बांधायचं, रंगात बुडवायचं, वाळवायचं आणि मग ब्लेडने गाठी सटासट कापून टाकायच्या. तिच्या कापडावरची नक्षी कधी पसरलेली कुणी पाहिली नाही. मी कौतुकाला कधी नाही म्हटलं नाही. पण गांजाचं झाड म्हणजे रेशमाची लड नव्हे, हे काही तिच्या डोक्यात शिरेना.

गांजा म्हटल्यावर नाकं मुरडू नका. आम्हा नऊ बायकांच्या गटाला रीतसर परवाना आहे. फुलं तालुक्याच्या इस्पितळात जातात, तिथे त्यांचं औषधी तेल होतं. झाडं सेहेचाळीस, प्रत्येकाला नंबराची पट्टी. जागा मिळाली ती आमच्याच जुन्या रेशीमघराची, जिथे पूर्वी किडे पाळायचो. पत्रे काढून वर पारदर्शक प्लास्टिक घातलं, त्याच्याखालची माश्या अडवायची जाळी तशीच ठेवली. मी हात वर केला की बोटं जाळीला लागतात, एवढीच उंची. आणि गांजा मोकळा सोडला की ताडमाड वाढतो. पहिल्या वर्षी शेंडे जाळीला टेकले, त्यात दव साचलं, बुरशी धरली आणि सगळं पीक जाळावं लागलं. इस्पितळाचे औषधवाले विसुत डॉक्टर म्हणाले, "मावश्यांनो, अजून एकदा बघू. या वेळी बिघडलं तर परवाना पलीकडच्या गावाला जाईल." एवढं बोलून ते हसले, पण थट्टा करत नव्हते.

त्यांनीच शिकवलं. झाडाला पाच-सहा जोडपानं आली की मधला शेंडा खुडायचा. मग बाजूचे फुटवे जोर धरतात. ते हळूहळू बाहेर वाकवायचे आणि बांबूच्या खुंट्यांना बांधायचे. झाड ताटासारखं पसरतं, प्रत्येक फुटव्याला ऊन मिळतं, उंची कमी आणि फुलं दुप्पट. लमदुआनताईचा हात यात असा बसला की आम्ही बघतच राहायचो. भर दुपारी, झाडं जरा मलूल झाली की ती बसायची, फांदी दोन बोटांत घोळवत घोळवत नरम करायची आणि अलगद खाली आणायची. एक फांदी मोडली नाही तिच्या हातून. माझ्या हातून सात मोडल्या.

त्याच दिवसांत तिची पुई कोरियाला गेली, भाज्या खारवून डब्यात भरायच्या कारखान्यात. एकुलती एक पोर. जायच्या आदल्या दिवशी आम्ही सगळ्यांनी तिच्या मनगटांवर पांढरा दोरा बांधला. आमच्याकडे म्हणतात, माणसाचे बत्तीस प्राण असतात. परमुलखात त्यातला एखादा भरकटू नये म्हणून. तो दोरा आपोआप झिजून पडावा किंवा हाताने सोडावा. त्याला पातं लावायचं नाही, प्राण तुटतो म्हणतात. दोऱ्याचा मोठा गुंडा उरला होता. झाडं बांधायच्या कापडी पट्ट्या संपल्या तेव्हा ताईने तोच काढला.

"अगं, चिंध्या आणते मी घरून," मी म्हटलं.

"राहू दे. हा पुईचा दोरा आहे. ही झाडं नीट वाढली की तीही नीट राहील," ती म्हणाली. आणि प्रत्येक गाठीला पुटपुटायला लागली, पुई जेव, पुई सांभाळ, पुई ये. मला वाटलं, आईच्या जिवाला तेवढाच आधार. तिथेच मी चुकले. तेव्हाच गुंडा हिसकावून घ्यायला हवा होता.

तीन आठवडे गेले. मंगळवारी सकाळी मी पाणी घालायला गेले तर फांद्यांची टोकं पिवळी, पानं लोंबलेली. जवळ जाऊन बघते तर काय! फांद्या जाड झाल्या होत्या आणि दोरा सालीत रुतला होता, दोन्ही बाजूंनी साल फुगून आली होती. गुरुवारी विसुत डॉक्टर येणार होते.

"ताई, ए ताई! इकडे ये आधी! गळफास लावलास की गं सगळ्यांना! कापड रंगवायचं होतं काय?"

ती आली, वाकली आणि पांढरी पडली. मी कमरेची कात्री काढली तशी तिने माझा हात धरला. "पातं नाही लावायचं."

"कपाळ माझं! आयुष्यभर ब्लेडने गाठी कापत आलीस ना?"

"ते रेशीम होतं. हा पुईचा आहे. बुआलाई, बारा दिवस झाले, तिचा फोन नाही."

हे मला ठाऊक होतं. पहिले दिवस पोर रोज चित्र दिसणारा फोन करायची, खोली दाखवायची, बर्फ दाखवायची. मग एकदम बंद. आपण केला तर उचलायची नाही, दोन शब्द लिहून पाठवायची, "बरी आहे, काम आहे." ताईच्या घशाखाली भात उतरत नव्हता. तिचा जीव टांगणीला लागला होता आणि मी तिच्यापुढे कात्री नाचवत होते. पण नऊ बायकांचं वर्षाचं काम मरत होतं, त्याचं काय?

ती बसली सुई घेऊन. एकेक गाठ टोकरायची, नखाने ओढायची, दाताने धरायची. दुपारपर्यंत चार झाडं झाली. माझा पारा चढत होता. तेवढ्यात कुणाचा तरी फोन वाजला, तिला वाटलं आपलाच, आणि ती उठून धावली. मी कात्री उचलली आणि समोरच्या नऊ नंबरच्या झाडाचे पाचही दोरे कचाकच कापले. दोरे खिशात कोंबले, चिंध्यांनी सैल बांधलं. ती परत आली तेव्हा मी दुसऱ्या झाडापाशी होते. मला जरासुद्धा वाईट वाटलं नव्हतं.

संध्याकाळी दुकानात दूध घ्यायला गेले. तिथे टीव्हीवर सांगत होते, कोरियात कुठल्याशा कारखान्यात आग लागली, बाहेरदेशचे कामगार अडकलेत. कारखाना कसला, गाव कुठलं, काही ऐकू आलं नाही. खिशातले दोरे हाताला लागले आणि चटका बसल्यासारखा मी हात बाहेर काढला. मी असल्या गोष्टी मानत नाही हो. नवरा वारला तेव्हासुद्धा मांत्रिकाकडे गेले नव्हते. पण त्या रात्री डोळा लागला असेल तर शपथ. पुईला मी अंगाखांद्यावर खेळवलंय.

बुधवारी उजाडताच मी रेशीमघरात जाऊन बसले आणि नखाने गाठी सोडायला लागले.

"कात्री कुठे गेली तुझी?" ताईने विचारलं.

"धार गेली."

तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. मग तिने आगीबद्दल ऐकल्याचं सांगितलं, अगदी हळू आवाजात, आणि पुढची गाठ हातात घेतली. बाकीच्या बायका आल्या, त्यांनीही सुया घेतल्या. मी दर थोड्या वेळाने फोनकडे बघत होते, ताईपेक्षा जास्त. माझी तीन नखं मुळापासून तुटली. अंधार पडेस्तोवर सव्वीस झाडं मोकळी झाली. वीस उरली.

गुरुवारी सात वाजता फोन वाजला. पुईच. नुसता आवाज, चित्र नाही. ताईच्या हातातून फोन निसटला, मी तो झेलला आणि मोठ्या आवाजावर ठेवला.

"आई, ती आग आमच्याकडे नव्हती. कुणीतरी सांगितलं, तू काळजीत आहेस. मी बरी आहे."

"चित्र लाव."

"आई..."

"लाव म्हणते ना! हात दाखव!"

लागलं. पोरगी रडत होती. दोन्ही मनगटं मोकळी होती. "पहिल्याच दिवशी कारखान्याच्या दाराशी दोरे कापले गं त्यांनी. अन्नात दोरा पडतो म्हणे, सगळ्यांचेच कापतात. मी लांब बाह्या घालून बोलत होते तुझ्याशी. मग त्या दिवशी तू म्हणालीस, बाही वर कर, दोरा बघू दे. मी फोनच कट केला. तुला काय सांगू कळेना."

"म्हणून बारा दिवस?"

"तू ओरडली असतीस."

"ओरडलेच असते," ताई म्हणाली. मग बराच वेळ ती पोरीच्या मनगटांकडे बघत राहिली. "जेवतेस का?"

"जेवते."

"हात गारठलेत. मोजे घाल."

फोन ठेवला आणि तिने माझ्यापुढे हात केला. "दे कात्री. धार असो नसो." वीस झाडं तिने पाऊण तासात मोकळी केली, रेशमासारखी सटासट. आम्ही मागून चिंध्या बांधत गेलो, प्रत्येक गाठीत बोट जाईल एवढी जागा सोडून.

विसुत डॉक्टर दहाला आले. सालीतल्या खाचांवरून नख फिरवलं, जाळी आणि शेंड्यांमधलं अंतर मोजलं. मग म्हणाले, "दोन-तीन जातील. बाकीची जगतील. उंची छान राखलीत. फुलं लागली की येतो." जाता जाता ते नऊ नंबरपाशी थांबले. "हे बघा, याचे शेंडे कसे ताठ उभे राहिलेत. याचं सगळं आधीच कापलेलं दिसतंय, दोन दिवस तरी झाले. लमदुआनमावशी, सगळ्यांचेच दोरे तेव्हा कापले असतेत तर एकही गेलं नसतं."

गाडी गेली, बायका पांगल्या. तिने माझ्याकडे पाहिलं. मी खिशातून पाच दोरे काढून तिच्या हातावर ठेवले आणि शिव्या ऐकायला उभी राहिले.

"मंगळवारी?" तिने विचारलं.

"हो."

"मग काल दिवसभर माझ्या शेजारी बसून नखं कशाला मोडून घेतलीस? तू तर हे मानत नाहीस."

मला एकदम रडू फुटलं. "पुईचा फोन आला नव्हता ना गं," मी म्हटलं.