शोभाताई उभी राहिली तेव्हा

माजिवड्याच्या पुलाखाली रिक्षा अडकली होती, तेव्हा डोंबिवलीहून भाऊजींचा फोन आला. "शोभा गेली गं... दुपारी, झोपेतच." त्याला आता महिना होईल. पण ताई म्हटलं की मला ती निजलेली आठवतच नाही. उभी आठवते.

शाळेत तिनं मुलींना कबड्डी शिकवली. अंगानं दणकट, भाऊजींपेक्षा चांगली उंच. पुढे आजारानं पायांतला जोर गेला, हातांची पकड मात्र तशीच राहिली. एकदा भाऊजी आणि मी तिला काखेत धरून उठवायला गेलो आणि तिघंही पलंगाच्या कडेला कोसळलो. तिचा खांदा दुखावला. "मी काय गोणी आहे?" ती कडाडली. मग फिजिओथेरपिस्ट बाईंना विचारून तिनंच उभं करणारं मशीन घरी आणवलं.

त्या बाईंनी नीट शिकवलं आणि नंतरचा सराव ताईनं घेतला! पावलं खालच्या पाटावर पूर्ण टेकलेली, नडग्या समोरच्या गादीला लागलेल्या, रुंद पट्टा पाठीमागून काखांखाली घेतलेला. "अहो, पट्ट्याला पीळ पडलाय. परत लावा." भाऊजी निमूट परत लावायचे. सगळं मनासारखं झालं की ती दांडे घट्ट धरायची. "चला." मगच बटण दाबायचं. पायांत अजिबात त्राण नसेल त्या दिवशी स्वतःच सांगायची, "आज उभं नाही करायचं. पडेन मी." त्यात तिला कधी कमीपणा वाटला नाही.

ती पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा भाऊजी समोरच होते. कित्येक महिन्यांनी दोघं असे समोरासमोर. ताईनं वरून खाली बघितलं... "अहो, टक्कल केवढं वाढलंय तुमचं!" भाऊजी हसता हसता रडायला लागले.

"रडताय काय? मागे चाकांची खुर्ची आणा. आणि ब्रेक लावा तिला."

गेल्या आठवड्यात भाऊजींनी ते मशीन कल्याणच्या एका घरी दिलं. मीही सोबत होते. तिथली मुलगी घाईघाईत म्हाताऱ्या आईला पट्टा बांधत होती. भाऊजींनी तिला थांबवलं, पट्टा सरळ केला, मग आजींकडे वळले. "तयार आहात?" आजींनी मान हलवली आणि सावकाश उभ्या राहिल्या.

"काका, तुम्ही हॉस्पिटलमध्ये होतात का?" मुलीनं विचारलं.

"छे गं, मी बँकेत होतो," भाऊजी म्हणाले. "हे बायकोनं शिकवलं."