बायकोसमोरून पुढे जाणारं ताट

शिंपीकाका चर्चच्या नव्या पाळकांच्या नजरेत पहिल्यांदा भरले ते प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर वाटतात त्या रविवारी. शिलाई मशीन चालवून सुजलेले पाय ओढत ते भाकरीचं ताट बाकाबाकाशी नेत होते. आपल्याच बायकोसमोर मात्र न थांबता, मान खाली घालून ते पुढे गेले.

काकू दुसऱ्या पंथातल्या. त्यांचा बाप्तिस्मा तान्हेपणी डोक्यावर पाणी शिंपडून झालेला. या मंडळीत पाण्यात बुडवून झालेलाच चालतो आणि प्रभुभोजन फक्त सभासदांना मिळतं. गंमत म्हणजे ताटातली भाकर एकतीस वर्षं काकूच भाजत होत्या.

पाळकांना हे पाहवेना. त्यांनी सभेत नियम सैल करायचा ठराव मांडला. मतं समसमान पडली. हात वर केला नव्हता तो फक्त काकांनी.

"काका, आता तुमच्यावरच अडलंय," पाळक म्हणाले.

"त्यांना काय विचारता?" मागून काकू बोलल्या. "भाजी कुठली करू विचारलं तरी 'बघू' म्हणतात!"

सभा हसली. काका गुडघ्यावर हात टेकून उठले.

"नियम माझ्या वडिलांनी घातलाय. तो चुकला असं माझ्या तोंडून निघणार नाही. पण हिला ओलांडून जायला आता पाय उचलत नाहीत. दमलो मी. ताट दुसऱ्या कुणाकडे द्या."

मत न देताच ते खाली बसले. ठराव बारगळला.

हल्ली प्रभुभोजनाच्या वेळी काका काकूंशेजारी बसतात आणि भाकर घेत नाहीत.