जून की जुने

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही सुषमाला ओळखत नाही. ओळखत असतात तर जीभ वळली असती का?

धाराशिवात आमचं छोटं सॉफ्टवेअरचं ऑफिस. एका दवाखान्याची क्लाउडवरची यंत्रणा मी आणि सुषमा सांभाळायचो. ती तेरखेड्याची, आई फटाक्यांच्या कारखान्यात. घरात पगाराची नोकरी पहिली हिचीच, आणि त्यावर धाकट्या बहिणीचं नर्सिंग चाललेलं. हे मला माहीत होतं. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर मलाच पळवाट नको.

फायरवॉल म्हणजे नेटवर्कच्या दारावरचा पहारा. दवाखान्याचं सगळं येणं-जाणं तिच्यातून. एखादी जुनी झाली की ती पुसायचा कोड मी लिहिला होता — चुकून पुसली जाऊ नये म्हणून लावलेलं कुलूप आधी काढायचं, मग ती पुसायची. सुषमानं त्या कोडच्या सुरुवातीलाच एक तपासणी घातली. एखादी वाट अजून हिच्यातून जात असेल तर कोडनं तिथंच थांबायचं.

"दादा, आमच्याकडं फटाक्याच्या दारूच्या खोलीत सोडायच्या आधी खिसं चाचपत्यात," ती म्हणाली होती. "काडीपेटी न्हाय म्हणून किती बी सांगा, चाचपत्यातच."

मी हसलो होतो. मला तेव्हा हसायला फार यायचं.

पुढं एके दिवशी साहेब म्हणाले, नवी फायरवॉल चालू झालीय, जुनी काढून टाक. सुषमा लग्नाला गावी गेलेली. पडद्यावर दोन नावं. एकीचं मेन. दुसरीचं — जे, यू, एन, ई. आपण मोबाइलवर मराठी इंग्रजी अक्षरांत लिहितो ना? मी वाचलं, जुने. फायरवॉल ती, म्हणजे 'जुनी' हवं, एवढं व्याकरणही सुचलं नाही. सुषमानं नवी फायरवॉल जून महिन्यात उभी केली होती, म्हणून नाव जून. एक फोन केला असता तर कळलं असतं.

बरं, त्या नावावर चालवला तेव्हा कोड थांबला. वाटा अजून हिच्यातूनच जातात, असं स्वच्छ लिहून आलं. मी काय केलं? तिची तपासणीच कोडातून काढून टाकली आणि पुन्हा चालवला. कुलूप निघालं, फायरवॉल गेली. थोड्याच वेळात दवाखान्याचे फोन सुरू झाले — काउंटर बंद, रिपोर्ट निघेनात, पेशंट घेऊन माणसं ताटकळत. सगळं पूर्ववत व्हायला संध्याकाळ झाली.

इथवर चूक. चुका सगळ्यांच्याच होतात. पण दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, तपासणी का नव्हती? आणि मी — काही ठरवलं नव्हतं हो, तोंडातून निघालंच — म्हणालो, ती सुषमानं घालायची होती, राहिली. मशीन दोघांचं एकच, खातं एकच, म्हणजे कुणी काय काढलं ते कळणार नव्हतं. तिची ओळ कुठंच उरली नव्हती.

तिला बोलावलं. ती साहेबांकडं न बघता माझ्याकडं बघत म्हणाली, "घातली व्हती की. व्हय ना, दादा?"

मी म्हणालो, आठवत नाही.

ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती विचारात पडली, आणि हळूच म्हणाली, "मग राहिली असंल माझ्याकडूनच." त्याच आठवड्यात तिची नोकरी गेली. कितीदा वाटलं साहेबांच्या केबिनमध्ये जावं. दारापर्यंत जायचो, आणि काहीतरी दुसरंच विचारून परत यायचो. लाज वाटायची, पण पाय वळायचे ते वळायचेच.

परवा एसटी स्टँडवर भेटली. आता एका झेरॉक्सच्या दुकानात आहे. बहिणीचं नर्सिंग अर्ध्यात सुटलं. माझ्यावर राग नाही. मुलांची चौकशी केली. मग स्वतःशीच हसत म्हणाली, "घराला कुलूप लावून निघाले तरी माघारी जाऊन बघतीया, दादा. तवापास्नं माझा माझ्यावरच भरवसा न्हाय. इसरायची खोडच हाय मला."

मी म्हणालो, होतं असं. तिची बस लागली, ती गेली.

सुषमा काही विसरली नव्हती. तिनं ती ओळ घातली होती. मी ती वाचली होती.