बिनकामाचं इंजिन

जठारपेठेत फवारणीचे पंप दुरुस्त करणाऱ्या त्या मिस्त्रींचं नाव मी कधी विचारलं नाही. कुठलंही इंजिन आलं की ते आधी हुंगायचे. माझ्या मॉडेल विमानाचं इंजिन लिंबाएवढं. सिलेंडर हेडचे आटे झिजून त्यातला इंधन पेटवणारा ग्लो प्लग उडाला होता. मिस्त्रींनी हुंगून तोंड वाकडं केलं.

"याले एरंडेल पाजता काय?"

"इंधनात असतंच ते."

"अन् काम काय करते हे?"

"उडतं."

"ते समजलं. पन काम काय करते?"

मिस्त्रींनी पितळी बुश बसवून नवे आटे पाडले, प्लगला बॅटरी जोडली आणि पंखा फिरवला. इंजिन किंचाळू लागलं. बंद करायला त्यांनी सवयीने प्लगची वायर ओढली, तरी ते चालूच! हा प्लग एकदा तापला की त्याला बॅटरी लागत नाही, हे सांगायचं माझ्याकडून राहिलं होतं. मिस्त्री थेट स्टुलावर चढले. मी इंधनाची नळी चिमटीत दाबली, तेव्हा कुठे आवाज थांबला.

स्टुलावरूनच ते म्हणाले, "अजून एकदा लावा."

परवा तेच इंजिन घेऊन पुन्हा गेलो, तर एक शेतकरी पंप घेऊन आधीच बसलेला. मिस्त्रींनी माझंच इंजिन उचललं.

"काहून? माहा नंबर पयले हाय ना?" तो तडकला.

"तुमच्या पंपाले काम हाय भाऊ, तो थांबन," मिस्त्री इंजिन हुंगत म्हणाले. "याले उडाचं हाय."