ओ न देणारी बाई

हे मी आजवर कुणालाच बोलले नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आणि जिला सांगायला हवं त्या लेकीला तर नाहीच. तुला सांगते.

कुरुंद्याला आमचं हळदीचं शेत. हळद शिजवायचे दिवस होते, माझी लेक अनू चार वर्षांची. सकाळपासून वाफेत उभं राहून मी मेटाकुटीला आले होते. भर दुपारी बाभळीखाली जाऊन बसले — पाठमोरी, डोक्यावर पदर ओढून. अनू मागोमाग आली. "आई." मला ऐकू आलं. परत "आई." मी हलले नाही. काय म्हणू त्याला — आळस? राग? त्या घटकेला मला कुणाची आई व्हायचंच नव्हतं. ती रडली, दमली, घरी गेली.

दिवेलागणीला म्हणाली, "काहून ओ दिली न्हाई?"

आमच्याकडे म्हणतात, भर दुपारी रानात कुणी हाक मारली तर ओ देऊ नये, ओळखीच्या आवाजात भलतंच कुणी बोलावतं. तेच मी फिरवून तिच्या गळ्यात बांधलं. "ती मी नव्हते, माय. माझ्यावाणी दिसणारी दुसरीच बाई असंल. मी तं हळदीच्या चुलीम्होरं होते."

थाप पचली, आणि मला चटक लागली. ओ दिली नाही की — ती बाई. पोरीनं हळूहळू रडणंच सोडलं. गुडघा फुटला तरी आवाज नाही. सासूबाई म्हणायच्या, "लई गुणाचं लेकरू हाय." मीही तसंच मानलं. पण माझ्याजवळ येण्याआधी ती लांब थांबून माझं तोंड निरखायची, हे मला दिसत नव्हतं का? दिसत होतं.

एकदा तापानं फणफणून ओसरीत निजली होती. "आई," म्हणाली. मी पिठाच्या हातानं धावले — "ओ, आले गं." उचलून घेतलं. तिनं अंग चोरलं. माझ्या खांद्यावरून दाराकडे बघत हळूच म्हणाली, "तुला न्हाई. आईला हाक मारली."

मी वळून पाहिलं. दारात कुणी नव्हतं. तेव्हा तरी खरं सांगता आलं असतं — नाही सांगितलं.

आता ती वसमतला नोकरीला असते. परवा आली, तेव्हा चुलीपाशी बसून म्हणाली, "आई, ती बाई खरंच होती ना? का मलाच भास व्हायचे?" बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली, लहानपणी बघायची तशीच.

मी तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाले, "होती की."