नामदेवकाकांच्या लॉगबुकमधलं एक पान

मागच्या गुरुवारी सकाळी नऊच्या सुमारास नामदेवकाकांचा ट्रक वाडी गावातल्या आमच्या गोदामात शिरला. हैदराबादहून निघालेली गाडी... तिचा थोडा माल इथे उतरवायचा आणि नवा माल भरून तीच गाडी अकरा वाजता अमरावतीला पाठवायची होती.

मी इथल्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात आठ महिन्यांपासून आहे. ड्रायव्हरांची लॉगबुकं तपासणं हे माझं काम. शहरातल्या शहरात फिरणाऱ्या गाड्यांना ते लागत नाही. पण जी गाडी लांब जाते, तिच्या ड्रायव्हरने किती तास चालवली, कुठे थांबला, किती झोपला, हे सगळं लिहावंच लागतं. सलग पाच तास चालवली की निदान अर्धा तास थांबायचं, हा नियम. पान बरोबर असेल तर माझी सही, आणि सही झाली की गाडी पुढे.

काकांचं पान फारच बरोबर होतं. एकाच पेनाने, एकाच दमात लिहिल्यासारखं. पांढरकवड्याला रात्री एक ते पाच झोप... असं त्यात होतं. पण टोलचे मेसेज ऑफिसच्या मोबाईलवर येतात, आणि तीन वाजता गाडीने पांढरकवड्याच्या पुढचा टोल ओलांडलेला दिसत होता.

"काका, तुम्ही झोपलेच नाही ना?"

त्यांनी मान वर केली. डोळे लाल, पण चेहरा लहान मुलासारखा. मग म्हणाले, "नातीचं बारसं हाय वं ताई आज, अमरावतीले. सहा वाजता. सही करून दे ना."

साहेब बाहेरगावी होते. त्यांना फोन केला तर म्हणाले, माल मागवणारी पार्टी ओरडतेय, गाडी काढ. माझा हात पेनापर्यंत गेलाही होता, खोटं कशाला सांगू. पण सही काही झाली नाही... "आधी झोपा," म्हटलं. ते चिडले. "काहून अडवून राहिली तू मले? तीस वर्षं झाले गाडी चालवून राहिलो!" असं म्हणतच कूलरसमोरच्या बाजेवर टेकले, आणि वाक्य पुरं व्हायच्या आत झोपी गेले.

त्यानंतरची दुपार मला अजूनही स्वप्नासारखी आठवते. कूलरची घरघर, ओल्या वाळ्याचा वास, पत्र्याच्या फटीतून आत आलेली उन्हाची एक रेघ... हमालांना कोणी काही सांगितलं नव्हतं, पण ते हळू बोलायला लागले. खोकी अलगद ठेवायला लागले. एकाने तर चपला काढून ठेवल्या. एवढं मोठं गोदाम एका माणसाच्या झोपेभोवती शांत झालेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

झोपेत काकांचा उजवा पाय मधूनच ताठ व्हायचा. ब्रेक दाबल्यासारखा.

अडीच वाजता त्यांचा फोन वाजला. स्क्रीनवर "सुमी". मी उचलला. मुलगी होती त्यांची. बाबा निघाले का, विचारत होती. मी घाबरत घाबरत सगळं सांगितलं. मला वाटलं, आता ही ओरडणार... पलीकडे बाळाचा आवाज येत होता.

मग ती म्हणाली, "झोपू द्या त्याईले. उठवू नका. आमी थांबतो... बाबा आल्याबिगर नाव नाही ठेवत."

साडेचारला काका उठले. आपण कुठे आहोत हे त्यांना कळेना. पाणी प्यायले, चहा प्यायले, आणि मग लॉगबुक ओढून स्वतःच वाचत बसले. एका ओळीवर बोट थांबलं. जाम गाव, सकाळी सहा ते साडेसहा, विश्रांती.

"इथं मी थांबलोच नाही ताई," ते हळूच म्हणाले. "जामच्या चौकातून गेलो, ते आठवते. मंग एकदम बुटीबोरीचा पूल. मधातल्या तासाभराचं काहीच आठवत नाही... गाडी तर चालूच होती. मंग मी कुठी होतो?"

मी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. 

त्यांनी पेन मागितलं. सकाळच्या सगळ्या ओळींवर काट मारली आणि खाली नव्याने, अडखळत खरं लिहिलं. "रात्रभर चालवली. वाडीला साडेनऊ ते साडेचार झोप. जाम ते बुटीबोरी, आठवत नाही." त्याखाली मी सही केली.

गाडी दुसऱ्या ड्रायव्हरने नेली. तो आदल्या दिवशी सुट्टीवर होता, ताजा होता. काका त्याच्या शेजारी बसून गेले. बारसं रात्री नऊला झालं, असं सुमीने फोन करून सांगितलं. साहेब माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी ते पान मागवलं, उभ्या उभ्याच वाचलं आणि परत माझ्या टेबलावर ठेवलं.

मी मात्र अजून त्या रस्त्याचा विचार करते. त्या पहाटे जाम ते बुटीबोरी कोण कोण असेल... दुधाचे कॅन घेऊन निघालेला कोणी सायकलवाला, शेतावर निघालेल्या बाया, शाळेच्या ऑटोची वाट बघणारी मुलं. काकांच्या बंद डोळ्यांसमोरून ती सगळी गेली, आणि संध्याकाळी आपापल्या घरी पोचली. त्यांना हे कधीच कळणार नाही. ती पोचली, एवढ्यासाठी मी कोणाचे आभार मानू, ते मला माहीत नाही... पण रोज मानते.