टाकीच्या तोंडाशी

नांदगाव पेठच्या एका कापड कारखान्यात मी सुरक्षा अधिकारी आहे. काल सांडपाण्याच्या टाकीत एक कामगार उतरला होता आणि वर लक्ष ठेवायला बसवलेला गडी मोबाइल पाहत होता. परवाना भरलेला, हवा तपासलेली, दोर बांधलेला, सगळं कागदोपत्री चोख. मी काम थांबवलं आणि त्याला झापलं. म्हटलं, खालच्याशी बोलत राहा.

"काय बोलू साहेब, इतका येळ?"

मला आई आठवली. बाबा विहिरीतला गाळ काढायला उतरायचे, तेव्हा आतली हवा हलावी म्हणून ती आधी कडुनिंबाची फांदी दोराला बांधून खालीवर घुसळायची. मग काठावर बसून बाबांशी भांडण उकरून काढायची. तुमी असं बोलले, तुमच्या बहिणीनं तसं केलं. खालून बाबांचा चिडका आवाज यायचा. मला लाज वाटायची. एकदा मी तिला विचारलंच.

"साधं बोललं तं तुया बाप हूं बी म्हनत नाही. भांडलं की जवाब देतेच. जवाब नाही आला, की दोर ओढाचा."

बाबा म्हातारपणानं गेले, त्याला दोन वर्षं झाली. आई आता कोणाशीच भांडत नाही.